नाल्यावर थाळी वाजवणारे काका

उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत क्रेन चालवणारे हे काका ड्यूटीआधी खारून नदीकाठी येतात आणि नदीला मिळणाऱ्या नाल्यावर उभे राहून स्टीलची थाळी बडवतात. समोर नदीतल्या वाळूच्या बेटावर सुरय पक्ष्यांची पिल्लं आहेत. समुद्रपक्ष्यांच्या कुळातली ही जात इथे गोड्या पाण्यावर पिल्लं वाढवते. आईबाप नदीत सूर मारून मासा आणतात. यंदा मात्र ते कारखान्यामागच्या या नाल्यावर घिरट्या घालतात, कारण घाण पाण्यानं अर्धमेले झालेले मासे वरच तरंगतात. आयता घास, आणि तो थेट पिल्लाच्या चोचीत! त्यांना तिथून हाकलायला ही थाळी.

काका कशालाही आधी "हव", म्हणजे हो, म्हणतात, मग बोलतात. मी चिडून नाला साफ करण्याच्या मागणीचं निवेदन पुढे केलं.

"सही करा, काका. थाळीनं नाला साफ होते काय?"

"हव... करतो ना सही. पण साहेब कागद वाचेपर्यंत पिल्लायनं हेच खावं काय, पोट्टी?"

"आणि नदीत मासाच नाही भेटला तर? तुम्ही त्यांना उपाशी मारून राहिले!"

"हव... तेच तं भेव हाय मले."

सही करून त्यांनी थाळी माझ्या हातात दिली आणि सायकलवर टांग टाकली. तेवढ्यात एक सुरय नाल्यावर खाली उतरला. मी थाळी वाजवली. तो रिकाम्या चोचीनं नदीकडे वळला. बेटाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.