वहिनींच्या नावाने उघडा कॉम्प्युटर

दुपारची जेवणं झालीत, भांडी पालथी घातलीत आणि मी हॉलमधल्या दिवाणावर जरा पाठ टेकतेय. झोपायचं नाही असं स्वतःला बजावतेय, म्हणजे झोप लागणार हे नक्की. कोपऱ्यात कॉम्प्युटरचा पंखा घुं घुं करतोय. आमच्याकडे तो कधी बंद होत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात 'उज्ज्वला' हे नाव आहे, माझ्या थोरल्या जावेचं, आणि एकदा बंद केला की त्या नावाने परत उघडायचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. ते नाव तिथून पुसलं जाऊ नये म्हणून वहिनी गेल्यापासून आम्ही तो बंदच केलेला नाही. लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे. अपडेट करू का, रीस्टार्ट करू का, असं तो अधूनमधून विचारतो आणि घरातलं प्रत्येक जण 'नंतर' दाबतं. तसं कुणी कुणाला सांगितलेलं नाही.

डोळे मिटतात. पंख्याचा आवाज उशीखाली येतो.

"वृषाली, दाराला कडी कोण लावणार? मी?"

वहिनी कॉम्प्युटरच्या खुर्चीत बसल्यात. आजारपणात गेलेले केस परत आलेत, चांगले कमरेपर्यंत. मी केसांकडेच बघत राहते.

"तुम्ही आलात?"

"न येऊन सांगते कुणाला! किती जणं बसता गं माझ्या नावाने?"

"सगळेच."

"आण्णासुद्धा?"

आण्णा म्हणजे आमचे सासरे. "आण्णा भजनं ऐकतात, मेल बघतात," मी म्हणते. "कुठेही 'हो' दाबतात."

वहिनी कपाळाला हात लावतात. "अगं, आण्णांना मी वेगळं खातं काढून दिलं होतं. गार्गीला वेगळं. माझं नाव म्हणजे घराची मुख्य किल्ली. त्या नावाने बसलं की काहीही आत घेता येतं, काहीही बसवता येतं. ती किल्ली तुम्ही खुशाल दारालाच लटकवून ठेवलीत?"

"तुमचं नाव दिसतं ना तिथे." मी डोळ्यांना पदर लावते. "काढवत नाही हो, वहिनी."

"रडायचं नंतर. आधी दार बघ."

मी दार बघायला वळते तर दार नाहीच. कराडच्या एसटी स्टँडचा फलाट आहे. दिवाण तिथेच आहे, माझी चादरही आहे, आणि चौकशीच्या खिडकीत आमचा कॉम्प्युटर ठेवलाय. समोर रांग लागलीय. प्रत्येकाच्या मुठीत एकेक पेन ड्राइव्ह आहे आणि चेहरे मात्र मला धड दिसत नाहीत. वहिनी कुठे गेल्या कळत नाही.

"कुठले तुम्ही?" मी पहिल्या माणसाला विचारते.

"घरातलाच."

"आणि तुम्ही?"

"घरातलाच."

सगळे तेच म्हणतात, एकाच सुरात, आणि खिडकीतून आत शिरतात. खिडकीच्या आत आमचं स्वयंपाकघर आहे. चपला घालूनच जातात मेले. "अहो, चपला काढा!" मी ओरडते, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. ते डबे उघडून बघतात, झाकणं लावत नाहीत. देवघराच्या कट्ट्यावर एक जण पाय सोडून बसतो. माझे पाय जागचे हलत नाहीत.

खिडकीजवळ, जमिनीवर, गार्गी बसलीय. वहिनींची लेक, पाचवीत आहे. कानात इअरफोन आहेत आणि ती मुंगीच्या गोष्टी ऐकतेय, हे मला न विचारता कळतं. दवाखान्यात राहायला जायच्या आधी वहिनींनी कॉम्प्युटरवर आपल्या आवाजात त्या गोष्टी भरून ठेवल्या होत्या, पोरीला झोप यावी म्हणून. एक आगाऊ मुंगी, तिची सगळी भानगड, आणि मधेच 'गार्गे, झोपलीस का?' अशी हाक. आईचा तेवढाच आवाज पोरीकडे उरलाय. फोनवर घेऊ, घेऊ म्हणत आम्ही तो अजून दुसरीकडे कुठे घेतलेला नाही. आहे तो या डब्यात, नाहीतर वहिनींनी याच डब्याला जोडलेल्या त्या छोट्या काळ्या डिस्कवर.

गार्गी वर बघते. तिचे ओठ पांढरे पडलेत.

"काकू, आई मला दुसऱ्याच कुणाच्या नावाने हाक मारतेय."

आई गं! मी इअरफोन ओढून माझ्या कानाला लावते. वहिनींचाच आवाज आहे. मुंगी आहे, वारूळ आहे, पण हाक मारायची वेळ आली की तो आवाज थांबतो आणि एकेक आकडा वाचायला लागतो, आणि वाचतच राहतो.

"वृषाली, राणी, घाबरलीस होय?"

वहिनी रांगेतून येताहेत. हिरवी साडी, कपाळभर कुंकू, हातात लग्नाची पत्रिका. हायसं वाटतं मला. "बघा ना हे काय चाललंय," मी म्हणते.

"काही नाही गं, घरातलेच सगळे. हे घे, आपल्याकडे लग्न आहे. पत्रिका उघड."

"कुणाचं लग्न?"

"आधी उघड तर. आलेली पत्रिका कुणी नाकारतं का?"

फलाटाची फरशी गुळगुळीत होते, फिनेलचा वास येतो. दवाखान्याचा लांबलचक बोळ आहे. त्या टोकाला खाटेवर आणखी एक वहिनी बसल्यात, अंगात दवाखान्याचा झगा, आणि तिथून त्या बेंबीच्या देठापासून ओरडताहेत.

"मेले, बघत काय बसलीस! डिस्क काढ!"

मी दोघींच्या मधे. एक हसतेय, दुसरी दातओठ खातेय. दोघींचाही चेहरा तोच आणि आवाज तोच.

"मी ती कामापुरती लावली होती!" खाटेवरून ओरडा येतो. "कॉपी झाली की काढून कपाटात ठेवायची असते ती. त्याच दिवशी मला दवाखान्यात हलवलं म्हणून राहिली. तुम्ही आजतागायत तशीच ठेवलीत? आत शिरलेला चोर काय कपाट लुटून तिजोरीला नमस्कार करून जाईल?"

"आण्णा म्हणाले हात लावू नका," मी रडत सांगते. "तुमचा शेवटचा हात लागलाय तिला."

"माझा शेवटचा हात पोरीच्या डोक्यावर होता गं. वायरीवर कसला!"

हिरव्या साडीतली माझ्या खांद्यावर हात ठेवते. हात थंडगार आहे. "नको काढूस, राणी. माझी आठवण आहे ती. असू दे ना."

राणी! मला एकदम शुद्ध येते. लग्न होऊन या घरात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या, ते 'भात करपवलास' हे होतं. जीव लावला, ताप आला तर रात्र रात्र बसल्या, पण गोड म्हणून कधी बोलल्या नाहीत.

"तू आमची वहिनी नाहीस," मी म्हणते.

ती हसायची थांबत नाही. माझं मनगट धरते. मी दुसऱ्या हाताने वायर पकडते, ती तापलेली आहे, आणि ओढते. वायर भिंतीतून येतच राहते, येतच राहते. बोळातले दिवे एकेक करून जातात. अंधारात गार्गी हुंदके देतेय आणि तो आवाज अजून आकडे वाचतोय. "ओढ, भवाने!" कुणीतरी माझ्या कानाशी किंचाळतं. मी सगळा जीव एकवटून हिसका देते.

"काकू! काकू, ऊठ ना गं!"

गार्गी मला गदागदा हलवतेय. हॉलमध्ये ऊन आहे. आण्णा कॉम्प्युटरसमोर उभे आहेत, बोटाला ओलं कुंकू.

"अगं वृषाली, मेलवर कुणाची तरी लग्नपत्रिका आली," ते चाचरत म्हणतात. "उघडायला वेळ लागत होता, म्हटलं तोवर कुंकू घेऊन यावं. आता हे काय आलंय बघ बरं."

आण्णा पत्रिकेला कुंकू लावल्याशिवाय ती वाचत नाहीत, मग ती कागदावर असो नाहीतर काचेवर. पडदा लालभडक झालाय. त्यावर इंग्रजीत धमकी आहे, तुमच्या सगळ्या फायलींना कुलूप लावलंय म्हणून. मागे फोटोंच्या जागी नुसते पांढरे चौकोन दिसताहेत.

मी धावत जाऊन भिंतीवरचं बटण बंद करते, इन्व्हर्टरचंही करते. पंखा थांबतो. घर इतकं गप्प कधी झालेलं मला आठवत नाही. आण्णा "अगं, तिचं नाव!" म्हणतात आणि मटकन खुर्चीत बसतात.

"काकू, तुझ्या हातात काय आहे?"

माझी डावी मूठ आवळलेली आहे. उघडते तर काळी डिस्क. आण्णांनी मला उठताना पाहिलेलं नाही, गार्गी तर आत्ताच शाळेतून आलीय. डिस्कभोवती वायर गुंडाळलेली आहे, घट्ट, वळणाला वळण लागून, टोक आत खोचलेलं. मला वायर गुंडाळता येत नाही. माझा नेहमी गुंता होतो.

गार्गी त्या वळणांवरून बोट फिरवते. "अशी आईच गुंडाळायची," ती हळूच म्हणते. "आत आहे का गं तिचा आवाज?"

"दुसऱ्या, चांगल्या कॉम्प्युटरला लावून बघू. याला नाही, काही झालं तरी याला नाही."

"म्हणजे हे गुंडाळलेलं सोडावं लागेल?"

मला 'नको' म्हणायचंय. डिस्क तशीच उचलून देवघरात ठेवावी, कुणाला हात लावू देऊ नये, असं इतकं वाटतं की छाती दुखते.

"सोडावं लागेल," मी म्हणते आणि डिस्क तिच्या हातात देते. "तूच सोड."