लंगूर आणि चौथं केळं

जूनचा दुसरा शनिवार. हजर: मी, नवरा आणि नागपूरहून आलेल्या सासूबाई.

प्राणिसंग्रहालयात जाळीपलीकडे लाल पायांचा दुर्मीळ लंगूर बसला होता. तो पानंच खातो, गोड फळ पोटात आंबून त्याच्या जिवावर बेतू शकतं, असं तिथल्या कर्मचारी बाईंनी इंग्रजीत सांगितलं. मी ते सासूबाईंना मराठीत समजावलं.

“शनिवारी मारुतीला नुसता पाला? काय गं हे!”

केळ्यांची पिशवी सासूबाईंजवळ ठेवून मी पाण्याच्या बाटल्या भरून आणल्या. नंतर गाडीत पिशवी उघडली, तर चारांतली तीनच केळी होती.

“आई, एक कुठं गेलं?”

“मीच खाल्लं.”

कफ होतो म्हणून त्या केळ्याला हातही लावत नाहीत.

“आईवर काय संशय घेतेस, यार!” नवरा म्हणाला.

प्राणिसंग्रहालय पाचला बंद होणार होतं. साडेचार वाजले, तरी तिथं फोन करायचा राहिलाच होता.