बाभळीखालचं बीळ

नवऱ्याच्या कंपनीने गुडगावच्या नव्या गोल्फ कोर्सवर नवरा-बायकोंचा सामना ठेवला होता. मी नुकतीच खेळायला शिकले होते. माझा चेंडू बाभळीच्या मुळांत अडकला, तेव्हा मी नवऱ्याला विचारलं, "जरा बाजूला घेऊ?"

"झाडाची सूट नसते. बाजूला घेतलास तर एक फटका दंड," तो सगळ्यांसमोर म्हणाला. नियम बरोबरच होता. मी तिथूनच मारला. काठी मुळावर आदळली आणि मनगटातून कळ गेली.

थोड्या वेळाने त्याच्या साहेबांचा चेंडूही त्याच मुळांत गेला. नवरा खाली बसला, बोटाने माती उकरली आणि हिंदीत म्हणाला, "सर, इथे उंदराचं बीळ आहे. बिळाची सूट मिळते, दंड नाही." साहेबांनी चेंडू उचलून खुशाल मोकळ्यावर टाकला.

"बीळ तर तू आत्ता केलंस," मी मराठीत म्हणाले.

"गप्प बस ना यार," तो साहेबांकडे बघून हसत मराठीतच म्हणाला.

मयूर विहारला घरी परतताना साहेब किती खूश होते, तेच तो गाडीत सांगत राहिला. माझं मनगट तोवर चांगलंच सुजलं होतं. दुसऱ्या दिवशी मी एकटीच डॉक्टरकडे गेले.