दादाच्या देशातले बदलते कायदे

हे सांगायचं नाही, असं वहिनींनी मला बजावलंय. पण घरातलं एक माणूस परदेशात असलं की किस्से फळीवरच्या डब्यांसारखे साठतात. एक काढायला गेलं की चार खाली येतात.

दादा जर्मनीत नोकरीला, वहिनी आमच्याकडे अकोल्यात. नवऱ्याकडे जायचं तर आधी जर्मन भाषेची परीक्षा पास करावी लागते. म्हणून दर रविवारी त्या अमरावतीला क्लासला जायच्या. मी सोबतीला.

*

नात्यातले एक काका फार पूर्वी काकूंना तिकडे घेऊन गेले. तेव्हा ही परीक्षाच नव्हती. काकूंना अजूनही दुकानात बोटाने दाखवावं लागतं. सुट्टीत आले की काका वहिनींना ऐकवतात, "कायदा बरोबर आहे. भाषा येत नाही त्यानं यावंच काहून?"

काकू शेजारी बसून चहात बिस्कीट बुडवतात.

*

क्लासमध्ये विनंतीचा सराव होता. सर म्हणाले, "नवऱ्याला खिडकी लावायला सांगा."

अकोल्याच्याच शबाना आपा म्हणाल्या, "खिडकी लाव."

"'कृपया' राहिलं."

"सर, घरच्या माणसाले कृपया म्हटलं तं तो घाबरन. म्हणन, हिले झालं तरी काय?"

सरांनी मार्क कापले.

*

मध्यंतरी तिकडे नवीन कायदा आला. भाषा उत्तम आली, काम चांगलं असलं, की नागरिकत्व लवकर. दादा कामावरून येऊन अभ्यास करायचा. आईने आधीच गल्लीत पेढे वाटले. तो अर्ज करणार तोवर सरकार बदललं आणि कायदा रद्द झाला.

शेजारच्या काकूंनी विचारलं, "झाला का पोरगा तिकडचा?"

आई म्हणाली, "पेढे तुमी खाल्ले, तुमीच सांगा."

बाबा फार चिडले. "इमानदारीनं राबणाऱ्या माणसाले रोज नवी अट? माणुसकी हाय का नाही?"

त्याच संध्याकाळी बिहारचा एक कामगार बायको-मुलांसाठी आमची मागची खोली विचारायला आला. बाबा म्हणाले, "पयले मराठी शिकून या."

*

वहिनी आणि शबाना आपा एकदमच पास झाल्या. दादा फोनवर म्हणाला, "थांब जरा. कायदा बदलून राहिला. सध्या बायकोले आणता येत नाही." आई-बाबांना लगेच पटलं. कायदे बदलतात, हे आता घरात सगळ्यांना पाठ होतं.

मग शबाना आपांचा व्हिसा आला. त्यांचे मियाँ दादाच्याच शहरात, दादाच्याच कंपनीत.

वहिनींनी व्हिडिओ कॉल लावला. मी बाजूलाच होते.

"शबानाले कसा भेटला?"

"तिचं वेगळं असते," दादा म्हणाला.

"हो," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "तिच्या नवऱ्याले ती पाहिजे."

दादाने कॉल कट केला.

आज वहिनी तिवशाला माहेरी निघाल्यात. आईला वाटतं, त्या चार दिवसांनी परत येतील. पण बॅग भरताना वहिनी मला म्हणाल्या की त्या आता

"हो आई, आले. वहिनींची बॅग मीच उचलते."