आईची वाक्यं आणि साहेबाची वाक्यं

गेल्या वर्षी इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत मी मुलांचं नाटक बसवायला घेतलं आणि पहिल्या पंधरा दिवसांतच हे काम का अंगावर घेतलं असं मला झालं. शाळा कळसच्या पुढे एका वस्तीवर. बारामतीहून मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी स्कूटीवरून जायची. तीनला पोचायचं, पाचला मुलांना घरी सोडायचं. म्हणायला दोन तास. पण आम्हाला दिलेल्या वर्गात पोषण आहाराच्या तांदळाची पोती रचलेली असत, आणि ती सरकवल्याशिवाय बारा मुलांना धड उभंही राहता येत नसे. पोती सरकवेपर्यंत अर्धा तास जायचा. तेवढ्यात कुणी शिष्यवृत्तीच्या जादा तासाला पळायचं, कुणाच्या घरून निरोप यायचा की पाहुणे आलेत, पाठवून द्या.

मुख्याध्यापक माणूस भला. पण दर वेळी दारात उभं राहून एकच विचारायचे, "मॅडम, शेवटी संदेश काय देणार?"

"सर, अजून सुरुवात बसली नाही."

"तरी पण. संदेश ठरला की बाकीचं सोपं जातं."

नाटकाची गोष्ट मुलांनीच सांगितलेली होती. मुलींना कबड्डी खेळायची आहे, पण संध्याकाळी मैदानावर मोठी माणसं क्रिकेट खेळतात. एक मुलगी आईकडे हट्ट धरते, आई तिला झाडते. मग मुली अर्ज लिहून तालुक्याच्या साहेबाकडे जातात. साधी गोष्ट. मी ती रविवारी बसून लिहून काढली आणि तिथेच घोळ केला. सगळी वाक्यं मी शुद्ध मराठीत लिहिली. बारामतीच्या बालनाट्य स्पर्धेत भाषेला वेगळे गुण असतात, हे एक कारण. दुसरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी मूळची काटेवाडीची. नववीत असताना वक्तृत्व स्पर्धेत मी "न्हाय" म्हणाले आणि सगळं सभागृह हसलं. मग आमच्या बाईंनी शाळा सुटल्यावर रोज मला समोर उभं करून "नाही, नाही, नाही" म्हणायला लावलं. मी ते इतकं पक्कं शिकले की कॉलेजात मुली विचारायच्या, तू पुण्याची का गं? त्याचा मला कितीतरी वर्षं अभिमान होता.

आईचं काम आठवीतल्या एका मुलीकडे होतं. उंच, काटक, मैदानावर वाऱ्यासारखी पळणारी. पण वाक्य म्हणायची वेळ आली की दोन्ही हात मांड्यांना चिकटवून, प्रतिज्ञा म्हटल्यासारखी उभी राहायची.

"मी तुला किती वेळा सांगितले आहे, संध्याकाळी बाहेर जायचे नाही."

"अगं, आई चिडलीय! तुझी आई चिडल्यावर अशी उभी राहते का?"

"न्हाय."

"नाही."

"नाही, मॅडम."

"मग कशी उभी राहते? दाखव."

ती जमिनीकडे बघायची. पुन्हा तेच वाक्य, पुन्हा तेच हात. तीन आठवडे हे चाललं. मी समजावलं, करून दाखवलं, ओरडले. एका शुक्रवारी माझा ताबाच सुटला. "तुम्हाला नाटक करायचंच नसेल तर मी एवढ्या लांबून कशाला येते?" असं म्हणून मी हातातली संहिता पोत्यावर आपटली. तेवढ्यात फोन वाजला. काटेवाडीहून आईचा. बोलायला मी बाहेर व्हरांड्यात गेले.

फोन संपल्यावर मी आणखी पाच-दहा मिनिटं मैदानातच फेऱ्या मारल्या. परत यायला लागले तर आतून हसण्याचा गदारोळ. खिडकीपाशी थांबून पाहिलं.

ती मुलगी तांदळाच्या पोत्यावर उभी होती. ओढणी बरोबर माझ्यासारखी एका खांद्यावर टाकलेली. नाकावरचा नसलेला चष्मा एका बोटानं वर सरकवत ती म्हणत होती, "पानी नाही, पाणी! ण! ण! जीभ वर लावा!" मुलं लोळायच्या बेतात. मग तिनं फळा पुसायचं डस्टर कानाला लावलं, दुसरा हात कमरेवर ठेवला, मान एका बाजूला टाकली आणि आवाज एकदम बदलला.

"व्हय आई... आगं, हाय की मी हितंच, वस्तीवर. गोळ्या घेतल्या का? न्हाय घेतल्या? आता काय म्हणावं तुला! ती पांढरी गं, पांढरी! डब्यात बघ की नीट!"

शब्दन् शब्द माझा. कमरेवरचा हातसुद्धा माझा. फोनवर बोलताना मी असा हात ठेवते हे मला त्या दिवशी कळलं.

आधी राग आला, चोरी पकडली गेल्यासारखा. मग दिसलं की गेले तीन आठवडे जे मी घसा फोडून मागत होते, ती चिडलेली, वैतागलेली, तरीही काळजी करणारी बाई समोर पोत्यावर उभी आहे. आणि तिला ती माझ्या वाक्यांतून सापडली नव्हती, आईशी बोलताना ऐकलेल्या माझ्या आवाजातून सापडली होती.

मी आत गेले. ती खाली उतरली. "सॉरी मॅडम."

"परत कर."

"नाही मॅडम, परत न्हाय करणार."

"अगं, परत करून दाखव म्हणतेय. आणि हे सगळं आईच्या वाक्यांना लाव. तुझ्या शब्दांत."

तिनं आधी मैत्रिणींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि कमरेवर हात ठेवून असा काही सूर लावला की लेकीचं काम करणारी मुलगी दोन पावलं मागे सरकली. "कितींदा सांगितलं तुला? सांच्याला भाईर पडायचं न्हाय म्हणून! कान हायत का गवऱ्या?"

सुटलो, असं मला वाटलं. पण मुख्याध्यापकांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला. "मॅडम, आपण शाळेत शुद्धलेखन शिकवतो. हे स्टेजवर कसं दिसेल?" त्यांची समजूत घालून दमले तोवर पुढच्या मंगळवारी त्या मुलीचे वडील आले. लोणी देवकरला कारखान्यात कामाला. पहिली पाळी संपवून थेट आलेले, अंगात कंपनीचा शर्ट, मोटारसायकलच्या हँडलला डब्याची पिशवी.

"मॅडम, पोरीला तुमच्याकडं कशाला धाडली? चार लोकांत नीट बोलायला यावं म्हणून. आन् तुमी तिला हाय-न्हाय शिकवताय व्हय? त्ये तर तिला घरी फुकाट येतंय."

मी लगेच सुरू झाले. आपली बोली, तिची गोडी, तिची लाज कशाला वाटायची, वगैरे. ते मध्ये बोलले नाहीत. माझं संपल्यावर शांतपणे म्हणाले, "तुमी आत्ता माझ्याशी कसं बोलताय?"

मी शुद्धच बोलत होते.

"कंपनीत मिटिंगमधी मी तोंड उघडलं की शेजारचा हसतो. मी बरोबर सांगत असलो तरी हसतो. तुमाला कोण हसत न्हाय, मॅडम. म्हणून तुमाला हे ग्वाड वाटतंय."

ज्या मुलीला भर सभागृहात हसले होते, ती मीच. आणि आता हा माणूस हसणाऱ्यांच्या बाजूला मला बसवून मोकळा झाला होता. वैताग असा की त्याचंही खरं होतं आणि माझंही.

मुलगी दाराशी उभं राहून ऐकत होती. ती म्हणाली, "पप्पा, साहेबापुढं आमी असं बोलतच न्हाय. तितं अर्जातलं बोलतो. मॅडम, शेवटी आईला पण पोरींबरोबर साहेबाकडं न्या ना. घरी ती घरचं बोलंल, आन् तितं अर्जातलं बोलाय बघंल. मला दोनी येतंय."

एवढी वर्षं मुलांना नाटक शिकवते म्हणवून घेणाऱ्या मला हे सुचलं नव्हतं. वडिलांनी डब्याची पिशवी सोडवून परत नीट अडकवली. "करा मग. पर साहेबापुढं चुकाय न्हाय पायजे."

तो प्रसंग आम्ही दोन दिवसांत बसवला. घरी लेकीला फाडून खाणारी आई साहेबाच्या टेबलापुढे पदर सावरून उभी राहते आणि एकेक शब्द चाचपत म्हणते, "आमच्या मुलींना... संध्याकाळी... मैदान उपलब्ध करून द्यावे, ही... नम्र विनंती." चुकू नये म्हणून तिची चाललेली धडपड बघताना तालमीत कुणी हसलं नाही. मीही नाही.

बारामतीत स्पर्धेच्या दिवशी आमचा नंबर सकाळी अकराचा. माईक मधूनच खरखरायचा, अर्ज घरीच राहिला म्हणून ऐनवेळी वहीचं पान फाडून घ्यावं लागलं. तरी घरच्या प्रसंगाला लोक पोट धरून हसले आणि साहेबाच्या प्रसंगाला सगळं शांत झालं. विंगेत उभी राहून मी पहिल्यांदाच कुणावर डोळे वटारले नाहीत.

नाटकानंतर परीक्षक स्टेजवर आले. म्हणाले, "आईचं काम करणाऱ्या मुलीनं ग्रामीण बोली फार सुरेख पकडलीय. कोणी शिकवली गं तुला ही बोली?"

मी कपाळाला हात लावला. मुलगी माईकपाशी गेली. "बोली न्हाय शिकवली कुणी. आमी घरी असंच बोलतो. साहेबापुढची शिकवली मॅडमनी."

सभागृह हसलं. परीक्षकही हसले, पण जरा उशिरा.

बक्षीस मिळालं नाही. आम्हाला दिलेल्या शेऱ्याच्या कागदावर लिहिलं होतं, संदेश अधिक ठळक हवा होता. मुलांना सोडायला मीही परतीच्या गाडीत होते, तिथे मुख्याध्यापकांनी तो कागद मला तीनदा वाचून दाखवला.

मुलीचे वडील पाळी बदलून घेऊन आले होते. गाडीत बसायच्या आधी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "साहेबापुढं एकदाबी चुकली न्हाय बघा." आणि वर, "पुढच्या वर्षी तिला साहेब करा."

या जूनमध्ये तेच नाटक पुन्हा बसवायचं ठरलं, तेव्हा मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "नको मॅडम. साहेबाला तीनच वाक्यं हायत." मी वडिलांना फोन केला, तर ते म्हणाले, मग वाक्यं वाढवा की. तेव्हापासून मी दर रविवारी वही घेऊन बसते. साहेबानं चौथं वाक्य काय बोलावं ते मला अजून सुचलेलं नाही.