अकरा दिवसांचा उजवा प्रॉप

ही गोष्ट सांगायची मी आठ वर्षं टाळली. कुणी विषय काढला की मी चहा मागवायचो. बोईसरच्या मैदानावर अजूनही सांगतात, दांडी गावचा दामू राज्याच्या संघात गेला नाही कारण त्याच्या मानेत दम नव्हता. हे खोटं आहे. आणि ते मीच पसरू दिलं.

मी कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवायचो आणि रग्बीचा संघ तयार करायचो. रग्बीत स्क्रम नावाचा प्रकार असतो. दोन्ही संघांचे आठ-आठ गडी वाकून, खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना रेटतात. पहिल्या रांगेत तिघे असतात. त्यातल्या कडेच्या दोघांना प्रॉप म्हणतात, म्हणजे टेकू. डाव्या प्रॉपचं डोकं बाहेरच्या बाजूने मोकळं राहतं. उजव्याचं डोकं समोरच्या दोघांच्या मध्ये अडकतं आणि दोन्ही खांद्यांवर भार येतो. बघणाऱ्याला दोघे सारखेच दिसतात. प्रॉपसाठी मात्र बाजू बदलणं म्हणजे दुसऱ्या हाताने सही करणं, तीही पाठीवर कुणी बसलेलं असताना.

बाजू बदलू नये असं नाही. दोन्हीकडे खेळणारा प्रॉप कुठल्याही संघाला हवाच असतो. पण त्याला अख्खा हंगाम द्यावा लागतो. आधी मान तयार करायची, मग पायांची ठेवण, मग एकास एक रेटारेटी आणि शेवटी पूर्ण स्क्रम. हे मी स्वतः फळ्यावर आकृत्या काढून शिकवायचो.

दामू आमचा डावा प्रॉप, वय एकवीस. रेटायचा सराव करायला आमच्याकडे मशीन नव्हतं, म्हणून आम्ही कँटीनवाल्याचा टेम्पो हँडब्रेक लावून ढकलायचो. दामूने एकदा तो गेटपर्यंत नेला. कँटीनवाला कढई सोडून मागे धावला.

दामूला राज्याच्या संघाचं प्रमाणपत्र हवं होतं, कारण त्यावर क्रीडा कोट्यातून नोकरीला अर्ज करता येतो. दोन भाऊ मासेमारीच्या होडीवर आहेत, तिसऱ्याची गरज नाही, असं तो म्हणायचा. वयोमर्यादेमुळे त्याची ती शेवटची निवड चाचणी होती.

अडचण अशी की माझ्याकडे डावे प्रॉप दोन होते. दुसरा अभिजित. तो बरा होता, पण दामू त्याच्यापेक्षा चांगला होता. डावीकडून एकाचीच निवड होणार, म्हणून मी ठरवलं की एकाला उजवीकडे घालू, म्हणजे दोघेही निवडले जातील. चाचणीला अकरा दिवस उरले होते. स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश होतो की त्या दिवशी घरी जिलेबी नेली.

दोघांपैकी कुणाला हलवायचं? अभिजितचे वडील कारखान्यात मोठे साहेब. त्यांचा फोन आला असता. दामूच्या घरून फोन येणार नव्हता. मी दामूला हलवलं आणि सगळ्यांना सांगितलं की हे त्याच्या विकासासाठी आहे.

दामू फक्त एवढंच म्हणाला, "सर, आमच्यात होडी वाळूवर चढवताना ज्याची त्याची बाजू ठरलेली असते. डावीकडचा उजवीकडं लागला तर होडी फिरते."

"ही होडी नाही," मी म्हणालो.

चाचणीत पहिलाच स्क्रम फिरला. दुसरा कोसळला. तिसऱ्यात दामूचा खांदा निसटला आणि पंचाने त्याच्यावर पेनल्टी दिली. तो बाहेर आला आणि माझ्या मागच्या बाकावर मानेला बर्फ लावून बसला.

निवड समितीतले एक साहेब माझ्याकडे आले. माणूस सरळ होता. म्हणाले, "ताकद आहे, पण जमत नाहीये. उजवीकडे किती दिवस खेळतोय?"

अकरा दिवस म्हटलं असतं तर त्यांनी त्याला डावीकडे घालून पुन्हा पाहिलं असतं. पण मग पुढचा प्रश्न माझ्यावर आला असता, की मान मोडू शकते अशा जागी अकरा दिवसांच्या सरावावर उतरवणारे तुम्ही कसले कोच?

"सहा महिने," मी म्हणालो.

साहेबांनी मान हलवली आणि नावावर काट मारली. दामूने हे सगळं ऐकलं. सरांना चारचौघांत खोटं पाडायचं नाही, असं त्याला घरून शिकवलं होतं.

अभिजितची निवड झाली. दर वाढदिवसाला त्याचा मला न चुकता मेसेज येतो. दामू होडीवर गेला.

मागच्या महिन्यात मी माफी मागायला दांडीला गेलो. बोईसरहून रिक्षात वाक्य पाठ करत होतो. चार ओळींचंच होतं. रिक्षावाल्याला वाटलं मी फोनवर बोलतोय. किनाऱ्यावर पोचलो तेव्हा दामू आणि पाच-सहा जण एक छोटी होडी वर चढवत होते. आता त्याचं पोट सुटलंय. मान मात्र अजून तशीच, टेम्पो ढकलणारी.

"या सर," तो म्हणाला. "एक माणूस कमीच हाय. लावा खांदा."

मी चपला काढल्या आणि जवळ होती त्या बाजूला लागलो.

"तिकडं नाय. उजवीकडं लागा. तुमाला काय, कुठलीबी बाजू चालते."

मी उजवीकडे गेलो. पलीकडच्या म्हाताऱ्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि विचारलं, याआधी कधी होडी ढकललीय का?

मी काही बोलायच्या आत दामू म्हणाला, "सरांना सहा महिन्यांचा सराव हाय."

म्हाताऱ्याचं समाधान झालं. कुणी हसलं नाही, दामूसुद्धा नाही. त्याने हाळी दिली आणि आम्ही रेटलं. होडी माझ्या बाजूने जराशी फिरली. दामूने पलीकडून खांदा देऊन ती सरळ केली.

प्रॉपची बाजू बदलायला एक हंगाम लागतो. हे मी आजही कुणालाही फळ्यावर समजावून सांगेन. पण त्याआधी ती कुणाच्या सोयीसाठी बदलतोय, हे स्वतःला विचारावं.

निघताना दामूने बोंबलांची पिशवी हातात दिली आणि विचारलं, "सर, काही काम होतं काय?"

"नाही रे," मी म्हणालो. "सहज आलो होतो."