तारा कशाच्या होत्या

मी जात्याच संशयी माणूस. कट्टा गावच्या बाजारात मासळी घ्यायची तर प्रत्येक बांगड्याचा कल्ला उघडून बघायचो. कोळणी मला लांबूनच ओळखायच्या आणि तोंडं फिरवायच्या. आयुष्यात एकाच माणसावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला होता, आणि त्यांना मी कधी पाहिलेलंही नव्हतं. ते रेडिओवर व्हायोलिन वाजवायचे. बाजारातल्या एका कापडवाल्याकडे बॅटरीवरचा रेडिओ होता. त्यांचं वादन असलं की शाळेतलं शिकवणं आटोपून मी तीन मैल चालत तिथे जाऊन बसायचो. खालच्या सुरांत त्यांचं व्हायोलिन असं काही बोलायचं की त्याच वेळी कोणी टर्रकन कापड फाडलं, तर त्या कापडवाल्याचा गळा धरावासा वाटे.

एकोणीसशे साठच्या आगेमागे मुंबईत नोकरीला असलेल्या माझ्या चुलतभावाची त्यांच्याशी ओळख निघाली. ते वेंगुर्ल्याला एका लग्नासाठी येणार होते. तिथून आमच्या गावी येऊन देवळाच्या वर्धापनदिनाला दुपारी वाजवायचं त्यांनी कबूल केलं. त्या आठवड्यात मी शाळेत काय शिकवलं, देव जाणे.

आदल्या संध्याकाळी गावच्या मानकऱ्यांनी मला देवळात बोलावलं. त्यांच्या शब्दाशिवाय तिथली समईसुद्धा जागची हलत नसे.

"मास्तरांनू, त्या व्हायलिनाच्यो तारो कसल्यो? वेंगुर्ल्याच्या एका किरिस्तावान माका सांगल्यान, आतडीच्यो आसतत. देवासमोर आतडी वाजवक मी देवचंय नाय."

"मगे पखवाजाक चामडा कसा चालता?" मी विचारलं.

"पखवाज देवाचो. तो पयल्यापासून आसा." त्यावर वाद घालायची सोयच नव्हती. मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "तुमी शिकलेले मनीस. पायरेर हात ठेवन सांगा, तारो धातूच्यो म्हणान. मगे माका संशय नाय."

मला तारांमधलं ओ की ठो कळत नव्हतं. व्हायोलिन मी फक्त चित्रात पाहिलेलं. पण 'माहीत नाही' म्हणालो असतो तर कार्यक्रम तिथेच बुडाला असता. मी देवळाच्या पायरीवर हात ठेवला आणि म्हणालो, "तारो धातूच्यो."

दुसऱ्या दिवशी ते सकाळीच चुलतभावाच्या घरी उतरले. मी देवळात सतरंज्या घालण्यात अडकलो होतो, त्यामुळे भेट झाली ती थेट चार वाजता, ते वाजवायला बसले तेव्हा. बुटके, टक्कल पडलेले, धोतर नेसलेले गृहस्थ. हेच का ते, असं लगेच मनात आलं. त्यांनी भीमपलास सुरू केला आणि पहिल्याच सुराला माझा चेहरा पडला. आवाज कर्कश, पत्र्यासारखा. खालच्या सुरांत तर नुसती खरखर. वर दर पाच मिनिटांनी थांबून खुंट्या पिळायच्या.

माझं डोकं फिरलं. आधी वाटलं, भावाने दुसऱ्याच कोणाला तरी धरून आणलंय. मग वाटलं, रेडिओवालेच काहीतरी करून आवाज गोड करत असतील. शेवटी जो संशय मनात घट्ट बसला तो असा, की हा माणूस मुद्दाम असं वाजवतोय. खेडवळांना काय कळतंय, म्हणून उरकतोय. गाव माना डोलावत होतं. पहिल्या रांगेत मानकरी तारांवर डोळे रोखून बसले होते आणि मी त्या माणसावर.

वादन संपलं. त्यांच्यासाठी चहा आला. मी पुढे झालो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "रेडिओवर आपण वेगळं वाजवता. आमच्यासारख्यांना एवढं पुरे, असंच ना?"

भावाने मागून माझा सदरा ओढला. ते मात्र रागावले नाहीत. कप खाली ठेवून, फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात त्यांनी विचारलं, "शपथ घेणारे मास्तर तुम्हीच का?"

मी मान हलवली.

"सकाळी तुमच्या भावाने गंमत म्हणून सांगितलं. माझ्या खालच्या तारांच्या पोटात आतडीच असते हो, वरून नुसती चांदीची तार गुंडाळलेली. आणि तुम्ही तर देवाच्या पायरीवर हात ठेवून बसलात. मग शिकाऊ मुलांसाठी घेतलेल्या पोलादी तारा पेटीत होत्या, त्या चढवल्या. नव्या तारा सारख्या उतरतात. वाईट वाजलं, मलाही ऐकवत नव्हतं. पण तुमची शपथ खोटी पडायला नको होती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांचे पाय धरणार, तोच मानकरी आले. चेहरा नुसता फुललेला.

"मी निरखून बघितलंय. तारो धातूच्योच! मास्तर खरा बोलले." मग पाहुण्यांना हात जोडून म्हणाले, "वाजप बरा झाला. पुढल्या वर्साकय येवा. पण ह्योच तारो लावन."

पाहुणे माझ्याकडे बघून हसले. "मास्तर म्हणतील तसं."

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. खरं सांगायला मी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं ते, "होय, ह्योच तारो."

पुढच्या वर्षी चुलतभावाचं पत्र आलं, ते यायला तयार आहेत, बोलावू का? मी उलट टपाली नको म्हणून कळवलं.